परराज्यातल्या एल्कसाठी प्रेफरन्स पॉइंट: लातूरहून एक जण, डॅलसहून एक जण. सुरुवात कुठून करावी?

लातूरकर_८४

मी लातूरला असतो, दाजी डॅलसला, एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर). दोघांनी मिळून वायोमिंग किंवा कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारखं तिकडचं मोठं हरीण) शिकारीला जायचं ठरतंय. घाई नाही, २०३० पर्यंत थांबायची तयारी आहे. दाजींचा टेक्सासचा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, रायफल अजून घेतलेली नाही. माझ्याकडे बी-१/बी-२ (भेटीचा) व्हिसा आहे, बाकी काही नाही.

वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय. कुठे प्रेफरन्स पॉइंट, कुठे बोनस पॉइंट, कुठे पॉइंटच नाहीत. दरवर्षी किती पैसे जातात? मी इथून पॉइंट घेऊ शकतो का? दोघांचा अर्ज एकत्र केला तर पॉइंट कसे धरतात? आणि सगळ्याच राज्यांत थोडे थोडे साठवावेत की एकाच ठिकाणी?

बालाघाटचा_गडी

लातूरकर, तुम्हाला हे कारखान्याच्या भाषेत लगेच कळेल. प्रेफरन्स पॉइंट म्हणजे ऊसतोडीची पाळी. चिटबॉयच्या वहीत लागणीची नोंद ज्या तारखेला पडली, त्या क्रमाने टोळी फडात येते. कोलोरॅडोत एल्क, हरीण आणि प्राँगहॉर्नची (काळविटासारखं माळावरचं जनावर) सोडत बहुतांशी अशीच चालते. ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. टॅग (एक जनावर मारायचा परवाना) कमी आणि सारख्या पॉइंटचे अर्ज जास्त झाले, तरच त्यांच्यात चिठ्ठी.

बोनस पॉइंट म्हणजे पाळी नव्हे, मटक्यात टाकायच्या जादा चिठ्ठ्या. नेवाडात पॉइंटचा वर्ग करून एक मिळवतात. १० पॉइंट असतील तर १०१ चिठ्ठ्या. तरीही एक चिठ्ठीवाला नवखा टॅग घेऊन जातो आणि १०१ वाला बसून राहतो, असं होतं. अॅरिझोना आणि युटा अधलेमधले. अॅरिझोनात २० टक्के टॅग आधी सर्वांत जास्त पॉइंटवाल्यांना, मग उरलेल्यांची चिठ्ठी. युटात मर्यादित टॅगसाठी निम्मे वरच्या पॉइंटवाल्यांना आणि निम्मे चिठ्ठीने. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत. शून्यावर असलेल्याला तिथे २० वर्षं अर्ज करणाऱ्याइतकीच संधी. पण न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग स्थानिकांना, १० टक्के आउटफिटरबरोबर (शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिकाबरोबर) करार केलेल्यांना आणि आपल्यासारख्यांना ६ टक्के.

आता वायोमिंग, कारण तुमच्या वेळापत्रकाला तेच बसतं. परराज्यातल्यांसाठी ठेवलेल्या एल्क टॅगपैकी ७५ टक्के पॉइंटच्या क्रमाने जातात आणि २५ टक्के चिठ्ठीने, म्हणजे पहिल्या वर्षीही दार अगदीच बंद नसतं. पॉइंटची फी वर्षाला एल्क ५२, हरीण ४१ आणि प्राँगहॉर्न ३१ डॉलर. तिन्ही घेतले तर १२४.

लोक हमखास चुकतात ते इथे: वायोमिंगमध्ये एल्कचा अर्ज केला आणि टॅग लागला नाही, तर पॉइंट आपोआप मिळत नाही. १ जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पॉइंटची वेगळी खिडकी उघडते, तेव्हा पुन्हा लॉगिन करून पैसे भरावे लागतात. मे महिन्यात "नाही लागला" अशी मेल आली की माणूस खातं बंद करून बसतो, ते वर्ष तिथेच गेलं. आणि सलग दोन वर्षं ना अर्ज केला ना पॉइंट घेतला, तर जमलेले सगळे शून्य. कोलोरॅडोत ही मुदत १० वर्षांची आहे, त्यामानाने दयाळू.

कोलोरॅडोत अर्जाआधी "क्वालिफाइंग लायसन्स" घ्यावं लागतं. वर्षाचं स्मॉल गेम (लहान जनावरांच्या शिकारीचं) लायसन्स घेतात बहुतेक जण. परराज्यातल्याला ते शंभर डॉलरच्या आसपास पडतं, टॅग लागो न लागो परत मिळत नाही. त्यावर दर जनावरामागे अर्जाची दहाएक डॉलर फी. फक्त पॉइंट हवा असेल तर पहिल्या पसंतीत एल्कसाठी ई-पी-९९९-९९-पी हा कोड टाकायचा. तिथे पॉइंट खर्च होतात ते पहिल्या पसंतीचा टॅग लागला तरच. म्हणून पहिल्या पसंतीत पॉइंटचा कोड आणि दुसऱ्या पसंतीत कमी मागणीचं एखादं युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग) टाकायचं. दुसरी लागली तर शिकारही होते आणि पॉइंटही वाढतो. नियमात बसणारी गोष्ट आहे, पळवाट नाही. उलटं करून ठेवलं, म्हणजे सहज मिळणारं युनिट पहिल्या पसंतीत टाकलं, तर पाच वर्षांचे पॉइंट अशा टॅगवर उडतात जो शून्यावरही मिळाला असता.

पैशाचा आणखी एक फरक आहे. वायोमिंग अर्जाबरोबरच पूर्ण रक्कम घेतं. रेग्युलर एल्कचे ६९२ अधिक १५ डॉलर अर्ज फी, नाही लागला तर फी कापून परत. स्पेशल नावाची दुसरी सोडत असते. टॅग तोच, युनिट तेच, फक्त किंमत १,९५० डॉलर. महाग म्हणून रांग थोडी आखूड. कोलोरॅडो आधी फक्त अर्जाची फी घेतं आणि टॅग लागल्यावर कार्डातून ८०० डॉलरच्या वर वळतं करतं. त्या दिवशी कार्ड मुदतबाह्य किंवा बंद असेल आणि पुढच्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर टॅग हातचा जातो. लातूरच्या बँकेचं कार्ड वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का आणि मर्यादा किती, हे आधी बघून ठेवा.

दोघांचा अर्ज: वायोमिंग सरासरी काढतं. दाजींचे ४ आणि तुमचे २ असतील तर दोघेही ३ वर. कोलोरॅडो ज्याचे कमी त्याचे धरतं, म्हणजे दोघेही २ वर. दाजींनी यंदा सुरुवात केली आणि तुम्ही दोन वर्षांनी केली, तर कोलोरॅडोत त्यांची ती दोन वर्षं एकत्र अर्जात धरलीच जात नाहीत. त्यामुळे सुरुवात एकाच वर्षी करा.

कागद_आधी_मग_बंदूक

पॉइंटच्या आधी दाजींचं बघा. तिथे चूक झाली तर टॅग जाण्यावर भागत नाही, व्हिसा जातो आणि फौजदारी खटला मागे लागतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, बी-१/बी-२ सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाल्याला हे कलम लागत नाही. मनाईला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा असा: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स जवळ असणं. दुकानातून रायफल घेताना फॉर्म ४४७३ भरतात, त्यात व्हिसाचा प्रश्न असतो. तिथे अपवाद नोंदवायचा, लायसन्सची प्रत आणि आय-९४ चा (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर द्यायचा.

खड्डा कुठे आहे ते नीट बघा. टेक्सासचं हंटिंग लायसन्स खरेदीपासून वर्षभर चालत नाही. कधीही घ्या, ३१ ऑगस्टला संपतं. जून महिन्यात घेतलं तर तीन महिन्यांचंच. १ सप्टेंबरला सकाळी घरातल्या कपाटात रायफल आहे आणि नवीन लायसन्स काढलेलं नाही, तर त्या क्षणापासून बाळगणं बेकायदा. शिकारीला गेलाच नाहीत, रायफल कपाटाबाहेर काढलीच नाही, याने काही फरक पडत नाही. नवं लायसन्स ऑगस्टच्या मध्यात विक्रीला येतं, तेव्हाच घेऊन ठेवावं आणि जुनंही फाइलला लावून ठेवावं.

दुसरा खड्डा रानडुकरांचा. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला राज्याचं लायसन्स लागत नाही. मित्र म्हणतात, "चल, लायसन्सबिसन्स काही लागत नाही." राज्याच्या कायद्याने त्यांचं खरं आहे. पण एच-वन-बीवाल्याला लायसन्स डुकरासाठी नाही, हातातल्या बंदुकीसाठी लागतं. ते नसताना मित्राची रायफल हातात धरली तरी गुन्हा. धनुष्यबाण बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे त्याला हे कलम नाही.

तुमचं उत्तर: पॉइंट घ्यायला अमेरिकेत असावं लागत नाही, पासपोर्टवर खातं उघडता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर असणाऱ्याला तो द्यावाच लागतो, नसेल त्याच्यासाठी वेगळी सोय असते. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी पहिल्या नावाला चिकटून. एका वर्षी असं आणि दुसऱ्या वर्षी तसं टाकलं की दोन खाती तयार होतात आणि पॉइंट दोन्हीकडे विभागतात. खात्याचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि दरवर्षी त्यानेच आत जा.

हंटर एज्युकेशन तुम्हालाही लागेल. वायोमिंगला १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, कोलोरॅडोला १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. एका राज्याचं कार्ड दुसरीकडे चालतं. टेक्सासमध्ये १७ वर्षांवरच्यांना नुसता ऑनलाइन कोर्स पुरतो. काही राज्यांत मैदानावरचा एक दिवसही असतो, तो टाळायचा असेल तर कोर्स निवडतानाच बघा.

इथली बंदूक तिकडे न्यायच्या फंदात पडू नका. एटीएफचा (तिकडच्या बंदुकींच्या केंद्रीय खात्याचा) फॉर्म ६ एनआयए, इथला शस्त्र परवाना, विमान कंपनीची परवानगी, एवढं करून वाचतं काहीच नाही. तुमच्या खिशात हंटिंग लायसन्स असेल तर शिकारीपुरती दाजींची किंवा भाड्याची रायफल वापरता येते. आणि शिंगं, कातडं, मांस भारतात आणायचा विचारही नको. वन्यप्राणी आणि त्यांचे अवयव आपल्या कस्टम्सच्या प्रतिबंधित यादीत आहेत. ते दाजींच्या घरीच राहणार.

लातूरकर_८४

३१ ऑगस्टचं आत्ताच दाजींना कळवलं. त्यांना हे माहीतच नव्हतं.

आता युनिटचा प्रश्न. कोलोरॅडोच्या २०१ आणि वायव्येकडच्या २ व १० या युनिटांमधले एल्क बघून डोळे फिरले. तिथलं धरून चाललो तर?

शिवारफेरी

धरून चाललात तर नातवाला घेऊन जाल, तोही लागला तर. परराज्यातल्याला तिथे २० हून जास्त पॉइंट लागतात. आणि लातूरकर, हा आकडा थांबलेला नाही. गाळप क्षमता तेवढीच, नोंदी मात्र दरवर्षी वाढताहेत, मग तुमची पाळी पुढे सरकते की मागे? तिकडे याला पॉइंट क्रीप म्हणतात. आज एखाद्या युनिटला १२ लागतात म्हणून शून्यापासून सुरू करणारा १२ वर्षांनी तिथे पोचतो तेव्हा ते १६-१७ वर गेलेलं असतं. त्याच्या पुढे तितकेच लोक, वर टॅग न मागता दरवर्षी फक्त पॉइंट घेत बसणारे हजारोंनी. एक दिवस हे सगळे एकदम अर्ज टाकतात.

शेंडा बघून झाड निवडू नका. राज्य दरवर्षी सोडतीचा अहवाल छापतं, तो काढा. वाचायची पद्धत अशी: आधी परराज्यातल्यांचा रकाना शोधा, स्थानिकांचा आकडा बघून फसू नका. मग शंभर टक्के टॅग कोणत्या पॉइंटपर्यंत मिळाले ते बघा. त्याच्या एक पायरी खाली किती अर्ज होते आणि किती लागले, ते बघा. हेच मागच्या तीन वर्षांचं शेजारी मांडा. तीन वर्षांत आकडा एकने वाढला असेल तर पाठलाग जमतो. दरवर्षी एकने वाढत असेल तर तुम्ही आणि तो एकाच वेगाने पळताय, गाठ पडायची नाही. वायोमिंगचा अहवाल वाचताना रेग्युलर आणि स्पेशल वेगळे बघा, आणि ७५ टक्क्यांची व २५ टक्क्यांची सोडतही वेगळी.

२०३० चं गणित करायचं तर वायोमिंगचे एल्क पॉइंट दोघांनी यंदापासून घ्या. वर्षाला माणशी ५२ डॉलर. कोलोरॅडोत पहिली पसंती पॉइंट आणि दुसरी पसंती मादी एल्कचा टॅग किंवा कमी मागणीचं युनिट. बस, दोन राज्यं. पाच-सहा राज्यांत पेरत बसलात तर दरसाल पाचेकशे डॉलर सहज जातात. एकट्या अॅरिझोनात एल्कच्या एका पॉइंटसाठी दरवर्षी १६० डॉलरचं लायसन्स आणि १५ ची अर्ज फी. दहा वर्षांत १,७५०, आणि टॅग नाहीच. परराज्यातल्यांना तिथे कमाल १० टक्के. तेवढ्यात वायोमिंगला रेग्युलर टॅगवर दोनदा जाऊन याल.

दोघंही नवखे असाल तर एल्कच्या आधी प्राँगहॉर्न करा, हा माझा हट्ट समजा. जनावर काळविटापेक्षा थोडं मोठं, उघड्या माळावर दिवसभर दिसतं. चुकलं तरी तासाभरात दुसरं दिसतं, आणि सोलून बर्फाच्या खोक्यात घालायला दोन माणसं पुरतात. नर एल्क तीनशे किलोच्या वर. हाडं काढूनही शंभरेक किलो मांस. गाडीपासून पाच किलोमीटरवर मारला तर दोघांच्या मिळून पाठीवर पाच-सहा फेऱ्या. लातूरहून गेलेल्या माणसाला अडीच-तीन हजार मीटर उंचीवर पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने चढतानाच धाप लागते.

प्राँगहॉर्नचा टॅग वायोमिंगच्या काही युनिटांत कमी पॉइंटवर लागतो. पण का लागतो ते विचारा. बहुतेक वेळा जमीन खासगी असते म्हणून. टॅग खिशात आणि पाय ठेवायला जागा नाही. दक्षिण वायोमिंगमध्ये रेल्वेच्या काळापासून सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आहेत, दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला चिकटतात. बांधाच्या कोपऱ्यावरून खासगी जमिनीला पाय न लावता पलीकडे गेलं तर चालतं का, यावर बरीच वर्षं भांडण चाललं. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ते प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे सध्या वायोमिंगमध्ये हे चालतं. तरी जीपीएसवर कोपरा नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय पाय टाकू नका. बांधावरून काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

एल्कचं युनिट निवडताना नकाशावर फेडरल वाइल्डरनेसची (केंद्राने राखलेल्या रानाची) हद्द बघाच. वायोमिंगमध्ये त्या हद्दीत परराज्यातल्याला परवानाधारक गाइड किंवा तिथल्याच रहिवाशाची सोबत असल्याशिवाय एल्क-हरणाची शिकार करता येत नाही. युनिट सोपं वाटतं, टॅग लागतो, आणि मग कळतं की निम्मं युनिट वाइल्डरनेस आहे.

बालाघाटचा_गडी

शिवारफेरींच्या म्हणण्यात एक भर. दाजींची नोकरी बदलून ते वायोमिंगला राहायला गेले, तर वर्षभराने तिथले रहिवासी होतील आणि त्यांचे एल्कचे परराज्याचे पॉइंट निरुपयोगी होतील. तिथे रहिवाशांना एल्क, हरीण, प्राँगहॉर्नसाठी पॉइंटच नाहीत, सरळ चिठ्ठी. कोलोरॅडोला गेले तर तेच पॉइंट रहिवासी म्हणून कामाला येतात. पॉइंट एकमेकांना देता येत नाहीत, तेव्हा दाजींचे तुमच्या नावावर करणं वगैरे विसरा.

आणि २०२५ पासून कोलोरॅडोत पश्चिम भागात परराज्यातल्यांचे धनुष्यबाणाचे खुले एल्क टॅग बंद झालेत, तेही सोडतीत गेले. जुन्या लेखांत "काउंटरवर जाऊन टॅग घ्या" असं वाचलं असेल तर ते आता धरू नका.

हिंगोलीचं_पोट्टं

एवढे पॉइंट जमवत बसण्यापेक्षा आमच्या शिवारात या की. रोही (नीलगाय) अन् रानडुकरं हरभरा उभा ठेवीनात. त्यांच्यासाठी पॉइंट लागतात का?

कागद_आधी_मग_बंदूक

पोट्ट्या, पॉइंट नाही लागत, जेल लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि ती त्या जनावरापुरती, त्या भागापुरती. शेतात दिसलं म्हणून मारलं असं नाही. काळवीट तर अनुसूची १ मध्ये, त्याला पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही. नुकसान झालं असेल तर वनरक्षकाकडे लगेच अर्ज टाक आणि पंचनामा होईपर्यंत ते पीक मोडू नको. मोडलेल्या रानाचा पंचनामा होत नाही. यावर वेगळा धागा काढ, इथे लातूरकरांचं चाललंय.

लातूरकर_८४

ठरलं. वायोमिंग एल्क आणि प्राँगहॉर्न, दोघांचे पॉइंट. कोलोरॅडो दुसऱ्या पसंतीसह. तारखा आपल्या वेळेने कुणी सांगेल का? तिकडची "शेवटची तारीख" म्हणजे इथे नेमकी कधी?

बालाघाटचा_गडी

कोलोरॅडो: अर्ज १ मार्चला उघडतात, शेवटची तारीख एप्रिलचा पहिला मंगळवार, तिकडच्या रात्री ८ पर्यंत. तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, आपल्यात साडेअकरा तासांचं अंतर. म्हणजे तुमच्याकडे बुधवारी सकाळी साडेसात. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर बसलात तरी वेळ आहे, पण शेवटच्या दोन तासांत साइट रडते.

वायोमिंग एल्क, परराज्यातले: अर्ज जानेवारीत सुरू, फेब्रुवारीच्या पहिल्या काही दिवसांत बंद, तिकडच्या मध्यरात्रीपर्यंत. हिवाळ्यात अंतर साडेबारा तासांचं, म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. प्राँगहॉर्नचा अर्ज जूनच्या पहिल्या दोन-चार दिवसांपर्यंत. पॉइंटची खिडकी जुलै ते ऑक्टोबरअखेर. यंदा तुम्हाला टॅग नकोच आहे, तर फेब्रुवारीची ७०७ डॉलरची भानगड करू नका, थेट जुलैत ५२ आणि ३१ भरून मोकळे व्हा.

आणि फेब्रुवारीत अर्ज टाकलाच एखाद्या वर्षी, तर मेमध्ये निकाल आल्या आल्या मोबाइलवर १ जुलैचा गजर लावून टाका. दाजींच्या मोबाइलवर दोन: १ जुलै पॉइंटसाठी, २० ऑगस्ट टेक्सासच्या लायसन्ससाठी.